सुपरहिरो मालिकांमधल्या अभिनयावर मत कसे मांडावे : नव्या प्रेक्षकांसाठी मार्गदर्शक

पुण्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराबाहेर थोडा वेळ उभे राहिले, तर अभिनयाबद्दल किती नेमके बोलता येते हे ऐकायला मिळते. कोणाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, कोणी समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच प्रतिक्रिया देऊन टाकली, कोणाला स्वतःच्या हातांचे काय करावे हेच सुचत नव्हते, असे सगळे तिथे तावातावाने बोलले जाते. मात्र हीच मुले सुपरहिरो मालिकांवर बोलू लागली की ‘जबरदस्त काम केलंय’ किंवा ‘पार बोअर केलं’ यापुढे गाडी सरकत नाही. आमच्या कोथरूडच्या गटात अशा मालिकांवर नियमित चर्चा होते आणि नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच जागी अडतो. याला कारणही तसेच आहे. या मालिकांत नटाचा चेहरा मुखवट्याआड असतो, मारामारीतला मोठा वाटा स्टंट कलाकाराचा असतो, आवाज अनेकदा डबिंग करणाऱ्याचा असतो आणि उरलेला पडदा संगणकावर तयार झालेल्या दृश्यांनी भरलेला असतो. त्यामुळे नटाचे स्वतःचे काम कोणते, हे आधी शोधून काढावे लागते. ते कसे शोधायचे आणि त्यावर इतरांना पटेल असे मत कसे मांडायचे, हे पुढे क्रमाने सांगते आहे.

सुरुवात करण्यापूर्वी काय हवे

• मालिका अधिकृतपणे पाहण्याची सोय. मार्व्हलच्या बहुतेक मालिका जिओहॉटस्टारवर आहेत, तर ‘द बॉईज’ प्राइम व्हिडिओवर आहे. मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांवरून मत बनवू नये, कारण त्या तुकड्यांत आधीचा आणि नंतरचा प्रसंग कापलेला असतो आणि अभिनयाचा अर्थ बहुतेक वेळा त्या दोहोंवरच अवलंबून असतो.

• साधे पण बरे इअरफोन. श्वास, आवंढा, वाक्याच्या मध्ये घेतलेला थांबा हे टीव्हीच्या स्पीकरवर हरवते.

• एक वही. तिच्यात भागाचा क्रमांक आणि मिनिट लिहायचे. ‘तो कुठलासा सीन होता ना’ असे म्हटले की चर्चा तिथेच विरते.

• एकच भाग दोनदा पाहण्याची तयारी. पहिल्यांदा आपण कथेच्या मागे असतो, नट खऱ्या अर्थाने दिसतो तो दुसऱ्यांदा पाहताना.

कॉमिक्स वाचलेली असलीच पाहिजेत अशी अट नाही. वाचली असतील तर त्याचा उपयोग आहे आणि एक धोकाही आहे, त्याबद्दल तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी १ : मालिका कोणत्या शैलीत खेळली जाते ते ओळखा

संगीत नाटकातल्या नटाने रस्त्यावरच्या माणसासारखे बोलावे अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. इथेही तसेच आहे. १९६६ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेत ॲडम वेस्ट अत्यंत गंभीर चेहऱ्याने हास्यास्पद संवाद म्हणतो, आणि ती गंभीरता हाच तिथला विनोद आहे. २०२१ च्या ‘वाँडाव्हिजन’चा पहिला भाग तर कृष्णधवल आहे आणि तो जुन्या अमेरिकी विनोदी मालिकांप्रमाणे प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित केला गेला. त्यात एलिझाबेथ ओल्सन डोळे मोठे करते, मान झटकते, हशा येईपर्यंत थांबते. पहिला भाग अर्ध्यात सोडून ‘ओव्हरॲक्टिंग’ असा शेरा मारणारे मला अनेक भेटले आहेत. त्यांनी आठव्या भागापर्यंत जायला हवे होते, जिथे हीच अभिनेत्री रिकाम्या भूखंडावर उभी राहून दुःखाने कोसळते आणि आधीचा सगळा हसरेपणा हे त्या दुःखावरचे पांघरूण होते हे उलगडते.

म्हणून पहिले दोन भाग पाहताना वहीत एवढेच लिहा : इथे सगळेच नट मोठ्याने खेळत आहेत की एकटाच? सगळे खेळत असतील तर ती दिग्दर्शकाने ठरवलेली शैली आहे. एकटाच खेळत असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे.

पायरी २ : मूळ आवाजात पाहा

यातल्या अनेक मालिका हिंदीत डब केलेल्या मिळतात आणि घरच्यांबरोबर बसून पाहायला त्या सोयीच्या आहेत. मात्र अभिनयावर मत द्यायचे असेल, तर ऑडिओ मूळ भाषेत ठेवून सबटायटल लावा. डबिंग करणारा कलाकारही नटच असतो आणि तो उत्तम काम करू शकतो, पण मग तुम्ही दोन माणसांच्या कामाला मिळून एक गुण देत असता.

‘डेअरडेव्हिल’मधला विल्सन फिस्क हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. व्हिन्सेंट डीओनोफ्रिओ हा धिप्पाड नट या गुन्हेगारी सम्राटाला अडखळणारा, घशात अडकणारा आवाज देतो. वाक्य सुरू होते, मध्येच थांबते, शब्द शोधल्यासारखे पुढे सरकते. सगळे शहर ज्याला घाबरते तो माणूस बोलायलाच घाबरतो आहे की काय असे वाटू लागते. हा आवाज काढून टाकला, तर उरतो तो केवळ एक दांडगा खलनायक. याच्या अगदी उलट ‘जेसिका जोन्स’मधला किलग्रेव्ह. त्याच्या तोंडून निघालेला हुकूम माणसाला पाळावाच लागतो आणि डेव्हिड टेनंट ते हुकूम हलक्या, जवळजवळ लाडिक सुरात सोडतो. ओरडण्याची गरज नसलेल्या माणसाचा तो सूर आहे.

आणि जिथे आवाजच नाही तिथे? ‘हॉकआय’ आणि नंतर ‘एको’ या मालिकांत माया लोपेझची भूमिका करणारी अलाक्वा कॉक्स स्वतः कर्णबधिर आहे आणि तिचे संवाद खुणांच्या भाषेत आहेत. तिच्या प्रसंगांत खालची ओळ वाचून झाली की नजर लगेच वर न्या, कारण राग किंवा उपहास हातांच्या वेगात आणि भुवयांत असतो.

पायरी ३ : नट, पात्र आणि लेखन यांची गल्लत टाळा

सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

‘मला ती आवडली नाही’ या वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असू शकतात : पात्राचा स्वभाव पटला नाही, पात्राला दिलेले प्रसंग कच्चे होते, किंवा अभिनेत्रीने ते प्रसंग नीट वठवले नाहीत. पहिली तक्रार अनेकदा प्रशंसाच असते. दुसरी लेखकाच्या नावावर जाते. अभिनेत्रीच्या वाट्याला फक्त तिसरी येते.

‘मिस मार्व्हल’ घ्या. कॉमिक्समध्ये कमला खानचे शरीर ताणले जाते, तर २०२२ च्या मालिकेत तिच्या हातून प्रकाशाचे स्फटिक निघतात. या बदलावर कॉमिक्सच्या वाचकांचा राग होता आणि तो राग त्यांनी जरूर व्यक्त करावा, पण त्यात इमान वेलानीचा काय संबंध? तिची ही पहिलीच भूमिका होती. तिचे काम पाहायचे तर आईवडिलांबरोबरचे प्रसंग पाहा : झेनोबिया श्रॉफने केलेल्या आईसमोर तिचा आवाज बारीक होतो, वाक्ये अर्धवट सुटतात, आणि मैत्रिणीसमोर तीच मुलगी श्वास न घेता बोलत सुटते. वडिलांच्या भूमिकेत मोहन कपूर आहेत. नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर ‘साँप सीढी’ पाहिलेल्यांना तो चेहरा लगेच ओळखू येईल. हे कुटुंब जर्सी सिटीतले असले, तरी जेवणाच्या टेबलावरची त्यांची बोलण्याची घाई आपल्या घरातलीच वाटते, आणि ती लेखनाइतकीच या तीन नटांच्या परस्पर लयीतून आली आहे.

वेळापत्रकाचाही विचार करायला हवा. २०१७ च्या ‘आयर्न फिस्ट’मधल्या मारामाऱ्या सपक आहेत यावर जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. पण फिन जोन्सने मुलाखतीत सांगितले होते की अनेक झटापटी तो चित्रीकरणाच्या जेमतेम पंधरा मिनिटे आधी शिकत असे. हे कळल्यावर मालिका चांगली ठरत नाही, परंतु दोष कोणाच्या पदरात टाकायचा ते बदलते. तसेच ‘ॲरो’चे १७० भाग झाले आणि ‘द फ्लॅश’चे १८४. वर्षानुवर्षे त्याच पात्राला उभे ठेवणे हे सहा भागांच्या मालिकेपेक्षा वेगळे कसब आहे. फ्लॅशची भूमिका करणाऱ्या ग्रँट गस्टिनच्या एखाद्या थकलेल्या भागावरून त्याला नापास करणे मला अन्यायाचे वाटते.

पायरी ४ : मुखवटा आणि स्टंट बाजूला करून काय उरते ते पाहा

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : शरीराचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेशभूषा-रंगभूषेचा तो आहार्य आणि आतल्या भावाचा तो सात्त्विक. नाट्यशिबिरात हे शिकवले की मुले जांभया देतात, पण सुपरहिरो मालिकांसाठी याहून उपयोगी चौकट मला सापडलेली नाही. कारण या मालिकांत आहार्य इतके अवाढव्य असते की बाकीचे तीन त्याच्याखाली दबून जातात.

‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागाचा शेवट दोनदा पाहा. पळवून नेलेल्या एका लहान मुलाला सोडवण्यासाठी मॅट मर्डॉक, म्हणजेच डेअरडेव्हिल, एका अरुंद, पिवळट-हिरव्या उजेडाच्या बोळात शिरतो. एकच सलग चित्रण असल्यासारखा हा प्रसंग रचला आहे. कॅमेरा बोळातच राहतो, माणसे खोल्यांत शिरतात, आतून आदळआपट ऐकू येते, दारातून मायक्रोवेव्ह भिरकावला जातो. मॅट आधीच जखमी आहे. तो एकेकाला पाडतो, पडलेले पुन्हा उठतात, तो भिंतीला टेकून श्वास गोळा करतो आणि पुन्हा पुढे होतो. या बोळात मॅटची भूमिका करणारा चार्ली कॉक्स आणि त्याचा स्टंट डबल ख्रिस ब्रूस्टर या दोघांचे काम आहे आणि खोल्यांच्या दारांमुळे त्यांची अदलाबदल करता येते. मग ‘कॉक्सने काय फाइट केली!’ हे वाक्य अपुरे ठरते. म्हणायचे असेल तर असे म्हणा की दोन माणसांनी मिळून एकच थकवा रंगवला : तेच उतरलेले खांदे, तीच जड पावले. स्टंट कलाकाराचे नाव घेऊन त्याला त्याचे श्रेय देणे ही चांगल्या मताची खूण आहे.

कॉक्सचे निखळ काम पाहायचे असेल, तर मारामारी सोडून वकिली कचेरीतले प्रसंग लावा. मॅट दृष्टिहीन आहे. समोरचा बोलू लागला की कॉक्स डोळे त्याच्या चेहऱ्यावर न नेता डोके किंचित कलवून कान पुढे करतो, आणि हे तो तीनही सीझन न विसरता सांभाळतो.

‘द पेंग्विन’मध्ये कॉलिन फॅरेलचा चेहरा माइक मारिनोच्या रंगभूषेखाली पूर्ण झाकला गेला आहे. तिथे फक्त डोळे, लंगडती चाल आणि आवाज एवढेच पाहून लिहा. आणि लगेच त्याच प्रसंगातली क्रिस्टिन मिलिओटी पाहा, जिच्या चेहऱ्यावर काहीच चिकटवलेले नाही. एकाने जड आहार्याला जिवंत केले, दुसरीने उघड्या चेहऱ्यावर सगळे पेलले, आणि दोघेही एकमेकांपुढे कुठेही उणे पडत नाहीत. या मालिकेवर चर्चा ठेवली की आमच्याकडे वेळ कधीच पुरत नाही.

पायरी ५ : दुहेरी ओळख कशी पेलली ते तपासा

सुपरहिरोच्या भूमिकेतले सर्वांत अवघड काम उडणे किंवा लढणे हे नसते, तर एकाच शरीरात दोन माणसे राहतात हे पटवून देणे हे असते. १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘शक्तिमान’मध्ये मुकेश खन्ना यांनी पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री हा पुढे आलेल्या दातांचा, चष्मेवाला, वेंधळा छायाचित्रकार आणि ताठ कण्याचा, सावकाश बोलणारा शक्तिमान अशी दोन टोके उभी केली. त्यातला गंगाधर अधिक कष्टाचा होता असे माझे ठाम मत आहे, कारण शक्तिमानला पोशाखाची आणि पार्श्वसंगीताची साथ होती, तर गंगाधरला हशा स्वतःच मिळवावा लागे.

मराठी रंगभूमीवर ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकर एकाच भामट्याची पाच रूपे करत. प्रत्येक रूपाची बोली, चाल आणि बसण्याची पद्धत वेगळी. तीच कसोटी ‘मून नाइट’ला लावून पाहा. ऑस्कर आयझॅक लंडनच्या संग्रहालयात काम करणारा गोंधळलेला स्टीव्हन आणि अमेरिकी भाडोत्री सैनिक मार्क या दोन्ही व्यक्ती करतो. पाचव्या भागात दोघे एकाच चौकटीत समोरासमोर येतात. या प्रसंगांच्या चित्रीकरणात समोर उभे राहण्याचे काम आयझॅकचा भाऊ मायकेल हर्नांडेझ याने केले. मार्कच्या बालपणीचे दुःख स्टीव्हनला कळते तेव्हा ऐकणाऱ्याचा चेहरा पाहा, सांगणाऱ्याचा नंतर.

एक सोपा सराव सांगते. अशा प्रसंगात अर्धा मिनिट आवाज बंद करा. पोशाख सारखा असतानाही कोणती व्यक्ती समोर आहे हे खांद्यांवरून आणि नजरेवरून ओळखता आले, तर नटाने काम केले आहे. ओळखता आले नाही, तर सगळा भार उच्चारावर होता असे लिहायला तुम्ही मोकळे आहात. ‘द फ्लॅश’मध्ये टॉम कॅव्हनाने वेगवेगळ्या सीझनमध्ये केलेले वेल्स या नावाचे अनेक अवतार घेऊन हा सराव केला, तर काही अवतार पास होतात आणि काही केवळ टोपी बदलल्यासारखे वाटतात.

पायरी ६ : खलनायकाचे कौतुक करण्याआधी समोरच्याकडे पाहा

खलनायकाला चांगली वाक्ये मिळतात, त्यामुळे त्याची स्तुती पटकन होते. ‘द बॉईज’मधल्या होमलँडरसाठी अँटनी स्टार याचे जेवढे कौतुक होते तेवढे रास्त आहे, ओठ हसत असताना डोळे थंड ठेवणे हे त्याने साधलेले काम सोपे नाही. तरीही पहिल्या सीझनच्या चौथ्या भागातला विमानाचा प्रसंग पाहताना नजर क्वीन मेव्ह झालेल्या डॉमिनिक मॅकएलिगॉटवर ठेवा. प्रवाशांना मरायला सोडून निघायचे असे होमलँडर ठरवतो, आणि निदान दोघींना तरी वाचवू या म्हणून क्वीन मेव्ह त्याला विनवते. त्याच्या क्रूरपणाची भीती आपल्याला तिच्या चेहऱ्यावरून कळते. अशा वेळी फक्त स्टारवर लिहिलेले मत अर्धेच राहते.

पायरी ७ : एकच प्रसंग निवडा आणि त्यावर लिहा

संपूर्ण मालिकेवर लिहिण्याचा मोह टाळा. एक प्रसंग, एक नट, दीडशे ते दोनशे शब्द. आधी प्रसंगात काय घडते ते दोन ओळींत, मग नटाने नेमके काय केले, आणि शेवटी त्यामुळे पात्राबद्दल काय नवे कळले. नमुना म्हणून ‘डेअरडेव्हिल’च्या तिसऱ्या भागातला प्रसंग घेते :

‘कलादालनात फिस्क एका जवळजवळ संपूर्ण पांढऱ्या चित्रासमोर उभा आहे. व्हनेसा शेजारी येऊन विचारते की चित्र पाहून काय वाटते. डीओनोफ्रिओ लगेच उत्तर देत नाही, चित्रावरून नजरही हटवत नाही. उत्तर येते तेव्हा त्यात एकटेपणाची कबुली असते आणि आवाज लहान मुलासारखा बारीक झालेला असतो. ज्याचे नाव घ्यायला सगळे घाबरतात, त्याची ही पहिली ओळख आहे, आणि नटाने ती भीतीऐवजी संकोचाने करून दिली आहे.’

यात ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’ असा एकही शब्द नाही, तरी मत स्पष्ट आहे. विशेषण लिहावेसे वाटले की त्या जागी नटाची एक कृती लिहा.

ज्यांना हे अधिक पद्धतशीर शिकायचे आहे त्यांनी लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमाची चौकशी करावी. पुण्यात राहून ही संधी हुकवू नये.

पायरी ८ : मत इतरांपुढे मांडताना

इथले खाचखळगे थोडक्यात सांगते. कथेतले रहस्य उघड होणार असेल तर आधी सांगा आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना उठून जायला वेळ द्या. नटाचे रूप, वर्ण, वजन किंवा धर्म यांवर बोलणे हे अभिनयावरचे मत नव्हे. ‘मिस मार्व्हल’ आली तेव्हा ती न पाहताच एक-एक तारा देणाऱ्यांची झुंबड उडाली होती, आणि त्या ताऱ्यांतून वेलानीच्या कामाबद्दल कोणाला काही कळले नाही. पुरस्कार हा दाखला म्हणून चालतो, पुरावा म्हणून नाही. ‘वॉचमन’साठी रेजिना किंगला २०२० मध्ये आणि ‘द पेंग्विन’साठी मिलिओटीला २०२५ मध्ये एमी मिळाली, दोघींच्या कामावर बोलताना मात्र प्रसंगच पुढे ठेवावा लागेल. समोरच्याचे मत वेगळे निघाले, तर त्याला मिनिट विचारा आणि तेवढा तुकडा सर्वांनी मिळून पुन्हा पाहा. वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो, नाहीतर निदान मुद्द्यावर तरी येतो.

पहिल्या महिन्यासाठी क्रम असा ठेवा : पहिल्या आठवड्यात ‘डेअरडेव्हिल’चे पहिले तीन भाग, दुसऱ्यात ‘वाँडाव्हिजन’चे नऊही भाग, तिसऱ्यात ‘मून नाइट’चे सहा आणि चौथ्यात ‘द पेंग्विन’चे पहिले चार. ‘द बॉईज’ आणि ‘द पेंग्विन’ लहान मुलांबरोबर लावू नका. प्रत्येक भाग संपल्यावर दुसऱ्या कोणाचेही मत वाचण्याआधी वहीत तुमच्या तीन ओळी आणि मिनिट लिहून ठेवा. दुसऱ्याचे वाचल्यानंतर त्या ओळी लिहायला बसलात, तर नटाऐवजी तो दुसरा माणूसच त्यात उतरतो.